कॅप्टन चुकतोय, हे सांगायचं कुणी?

दौंडहून तासाभरावर बारामतीला विमान चालवायला शिकवतात, हे आपल्या शिरूरकडच्या पोरांना माहीत असतं. कमर्शियल लायसन्सला 200 तास उड्डाण लागतं, हेही. पण डाव्या सीटवरचा मुरलेला कॅप्टन उजवीकडच्या नवख्याला खरं काय शिकवतो? माझं चुकलं तर बोल, हे.

27 मार्च 1977, टेनेरिफ. दाट धुकं. केएलएमचा कॅप्टन स्वतः पायलटांना ट्रेनिंग देणारा. परवानगी नसतानाच त्याने टेकऑफ सुरू केला. समोरचं विमान रनवेवरून हटलं का, अशी शंका फ्लाइट इंजिनियरने काढली. कॅप्टनने ती उडवून लावली. 583 माणसं गेली.

अशा अपघातांमुळेच 1979 मध्ये नासाच्या कार्यशाळेतून पुढे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट हे ट्रेनिंग उभं राहिलं. मोठ्यांना उलट बोलू नये, हे आपण घरातूनच शिकून येतो. त्यामुळे हे जड जातं. (सिनियरच्या कोडमधला बग दाखवायला मला दोन दिवस लागले होते, आणि तिथे तर फक्त सर्व्हर पडणार होता.) म्हणून चांगला कॅप्टन ब्रीफिंगमध्येच पायऱ्या ठरवून घेतो. आधी दिसतंय ते सांग: “स्पीड कमी होतोय.” ऐकलं नाही, तर थेट “गो-अराउंड!” तरीही नाही, तर कंट्रोल स्वतःकडे घे.