उसाच्या मागावर : लेखांक सहावा — त्रिनिदादचा करारनामा

दसऱ्याचे सोने लुटून झाले, की पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या आमच्या बीड जिल्ह्याच्या बालाघाटी पट्ट्यातील गावे एकेक करून रिती होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल लग्नात, दवाखान्यात किंवा बियाण्यात केव्हाच खर्ची पडलेली असते. आणि ती फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, जिला कारखान्याच्या हिशेबात 'एक कोयता' एवढेच नाव आहे, बाजरीचे पीठ, जर्मनची भांडी, कोपीची ताडपत्री आणि कडेवरचे लेकरू घेऊन सांगली-कोल्हापूरच्या वाटेला लागते. हा देखावा ज्याने जन्मभर पाहिला आहे, त्याला पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र कोठे उसाच्याच निमित्ताने माणसे अशी हलवली गेली असतील काय, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. त्या प्रश्नाचा माग काढीत आज आपण कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाशी, त्रिनिदाद आणि टोबॅगो या जोडराष्ट्रापर्यंत येऊन पोचलो आहोत.

या राष्ट्राचे आकारमान प्रथम ध्यानी घ्यावे. दोन्ही बेटे मिळून क्षेत्रफळ सुमारे ५,१३० चौरस किलोमीटर आणि वस्ती चौदा लाखांच्या आसपास. आपल्या बीड जिल्ह्याचे क्षेत्र १०,६९३ चौरस किलोमीटर असून २०११ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या पंचवीस लाख पंच्याऐंशी हजार भरली होती. म्हणजे स्वतःचे निशाण, स्वतःचे कायदेमंडळ आणि पंतप्रधान असलेला हा देश क्षेत्रात आणि माणसांत आपल्या एका जिल्ह्याच्या निम्माच भरतो.

भूगोलदृष्ट्या त्रिनिदाद हा दक्षिण अमेरिका खंडाचाच तुटलेला कोपरा होय. व्हेनेझुएलाचा किनारा सर्वांत जवळच्या ठिकाणी जेमतेम अकरा किलोमीटरवर आहे, आणि बेटाच्या उत्तरेस पूर्व-पश्चिम पसरलेली, ९४० मीटरपर्यंत चढणारी डोंगररांग ही त्या खंडावरील रांगेचीच पुढची कडी आहे. या रांगेच्या दक्षिणेस कारोनी नदीचे सपाट मैदान लागते, आणि उसाची मुख्य भूमी ती हीच. ऋतू दोनच : जून ते डिसेंबर पावसाचा आणि जानेवारी ते मे कोरडा, ऊस कापायचा तो कोरड्या दिवसांत. नैर्ऋत्येस ला ब्रेया येथे सुमारे शंभर एकरांचे नैसर्गिक डांबराचे तळे आहे. दुपारच्या उन्हात त्याच्यावरून चालता येते, पण एका जागी फार वेळ उभे राहिल्यास पाय रुतू लागतो. इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅले याने १५९५ मध्ये आपल्या गलबतांच्या फटी याच डांबराने बुजविल्या.

राजकीय इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. ३१ जुलै १४९८ रोजी कोलंबसास हे बेट दिसले. पुढे तीन शतके त्यावर स्पेनचा अंमल नावापुरता चालला. १७८३ च्या फर्मानाने फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह तेथे येऊन वसले, आणि फेब्रुवारी १७९७ मध्ये इंग्रजांनी ते बेट जवळजवळ लढाईवाचूनच काबीज केले. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने गेली आणि उमेदवारीच्या नावाखाली राहिलेला तिचा अवशेष १८३८ मध्ये सुटला. मुक्त झालेल्या आफ्रिकी माणसाने मळेवाल्याच्या दराने ऊस तोडण्यास नकार दिला, यात नवल काही नव्हते.

मग माणसे हिंदुस्थानातून आणण्याचे ठरले. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे गलबत २२५ माणसे घेऊन पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात लागले, आणि १९१७ पर्यंत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसे त्याच मार्गाने गेली. ती बहुतेक कलकत्त्याहून निघालेली, बिहार-अवधकडची, काही मद्रासेकडची. मुंबई इलाख्यातील मराठी माणूस ज्या जहाजांत चढला ती मॉरिशसला जाणारी होती. म्हणून त्रिनिदादात मराठीचा मागमूस शोधू जाणे व्यर्थ आहे. आपल्याला तेथे ओळखीचा वाटतो तो करारनामा.

पाच वर्षे एकाच मळ्यावर काम. मजुरी दिवसाच्या ठरलेल्या कामाला पंचवीस सेंट. मळ्याबाहेर पाऊल टाकायचे तर परवाना हवा. आणि दहा वर्षे बेटावर काढल्यानंतरच परतीच्या प्रवासाचा हक्क. यातील मर्माचे कलम वेगळेच होते. दोन पक्षांतील करार मोडला तर तो एरवी दिवाणी मामला होतो, परंतु येथे मजुराने कामावर न जाणे हा फौजदारी गुन्हा ठरविला होता. आमच्याकडे तोडणीवाल्या जोडीने आजारपणात एक दिवस खाडा केला तर हिशेबातून पैसे कापले जातात आणि अंगावरची बाकी पुढल्या हंगामावर जाते. तेथे खाड्याबद्दल थेट तुरुंग होता. हा फरक लहान नाही, तो मान्य केलाच पाहिजे. पण अगोदर पैसे देऊन माणसाचे येणारे दिवस विकत घेण्याची बुद्धी उभय ठिकाणी एकच आहे, आणि ती साता समुद्रांपलीकडे घडलेली गोष्ट म्हणून वाचून सोडून देणे मला शक्य होत नाही.

या पद्धतीविरुद्ध हिंदुस्थानच्या कायदेमंडळात उभा राहिलेला माणूस मराठी होता, ही गोष्ट मात्र आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळला जाणारी मजूरभरती थांबविण्याचा ठराव मान्य करवून घेतला, आणि मार्च १९१२ मध्ये ही करारबद्ध मजुरीची पद्धत समूळ बंद करावी असा दुसरा ठराव मांडला. सरकारी मतांच्या बळावर तो फेटाळला गेला. गोखले १९१५ मध्ये निवर्तले. भरती बंद झाली ती १९१७ मध्ये, आणि उरलेसुरले करार १ जानेवारी १९२० रोजी रद्द झाले.

त्रिनिदादच्या मजुराला मिळालेली आणि आमच्या मजुराला न मिळालेली वस्तू म्हणजे, करार संपलेल्या ठिकाणीच जमीन. १८६९ पासून काही वर्षे परतीच्या भाड्याऐवजी दहा एकर सरकारी जमीन घेण्याची मुभा होती. बहुसंख्य माणसे राहिली, भात पेरू लागली, त्यांनी गावे वसविली, आणि त्या गावांना फैझाबाद, बराकपूर अशी मागे सुटलेल्या मुलखाची नावे मिळाली. आमचा कोयता मात्र पट्टा पडला की परततो आणि दसऱ्याला पुन्हा निघतो. त्यामुळे ज्या गावी तो सहा महिने राबतो त्या गावाच्या कोणत्याही दप्तरी त्याचे नाव चढत नाही.

जमीन नसली म्हणजे काय होते, हे वॉटरलू गावच्या शिवदास साधूच्या हकिकतीत दिसते. लहानपणी आईबापांबरोबर आलेल्या या मजुराने १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधले. जागा साखर कंपनीची निघाली. त्याला चौदा दिवसांची कैद झाली आणि देऊळ पाडले गेले. जमिनीवर देवाला जागा नाही तर समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, असे ठरवून तो ओहोटीच्या वेळी बादलीने दगड-सिमेंट वाहून नेत राहिला आणि सुमारे पंचवीस वर्षे समुद्रात भराव घालीत गेला. आज तेथे भरतीच्या पाण्यात उभे असलेले देऊळ आहे.

देश ३१ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाला. ऊसकामगारांच्या संघटनेतून पुढे आलेले बासदेव पांडे १९९५ मध्ये पंतप्रधान झाले, ही घटना बीडच्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. आणि ज्या पिकासाठी हे सारे झाले ते पीकच उठले : २००३ मध्ये सरकारी 'कारोनी' कंपनीने ऊसतोडणीचा कारभार आवरला, सुमारे नऊ हजार कामगार मोकळे झाले, त्यांना दोन-दोन एकरांचे पट्टे देण्याचे ठरले, पण वाटप वर्षानुवर्षे रेंगाळले.

ऊस उठला तरी मागे उरलेल्या ताशाविषयी आता थोडे. मोहरमचे ताबूत त्रिनिदादात 'होसे' या नावाने ताशाच्या गजरात निघतात, आणि मराठवाड्यात डोल्यांपुढे हिंदूही नाचतात तसेच तेथेही चालत आले. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी शहरात येण्यास मनाई असलेली ही मिरवणूक सान फर्नांडो येथे शिरू लागताच तिच्यावर गोळीबार झाला व किमान सोळा माणसे ठार झाली. मेलेल्यांत हिंदू होते, मुसलमान होते. ताशा मात्र थांबला नाही. पुढे तो लग्नात शिरला, आणि मातीच्या भांड्यावर बकऱ्याचे कातडे ओढलेले ते वाद्य वाजविण्यापूर्वी आजही रस्त्याच्या कडेला जाळ करून त्यावर शेकतात, कातडे ताणले गेले की बोटाने टिचकी मारून आवाज पारखतात. कोपींच्या वस्तीवर सांज झाली, की आमची पोरे पाचटाच्या जाळावर हलगी अशीच धरतात, अशीच टिचकी मारतात. त्रिनिदादच्या ताशाच्या ताफ्यात जो पुढे राहून बाकीच्यांना ताल तोडून देतो, त्याच्या वाद्याला तिकडे 'कटर' म्हणतात. त्या शब्दाचा उगम उसात आहे असे मी म्हणत नाही. परंतु कारोनीच्या मैदानात ऊस उरलेला नसताना हे नाव अजून रोज घेतले जाते.