नदीकांठचा ढासळता उतार व त्याची हद्द

जमीन नदींत गेली, आकार कमी व्हावा, असे खातेदारांचे अर्ज आम्हीं नोकरींत पुष्कळ पाहिले. प्रत्येक अर्ज कांठ पडल्यानंतरचा! गांवच्या नकाशांत मोजणीच्या दिवशींचा कांठ असतो, पुढचा नसतो. पुढचा कांठ नकाशावर कसा काढतात, हें कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांताच्या रीतीवरून पाहूं.

सामान्यतः आपण कांठाच्या वरच्या कडेपासून अंतर धरतों. पण नदी उतार पोखरते ती पायथ्याशीं. म्हणून मोजणीही तेथूनच करावयाची. समजा, कांठ १० मीटर उंच आहे व पायथा दरवर्षीं १० सेंटिमीटर मागें हटतो. १०० वर्षांत तो १० मीटर हटेल. त्या नव्या पायथ्यापासून उभ्या एकास आडवे तीन असा स्थिर उतार धरला, तर आणखी ३० मीटर. त्यापलीकडे १५ मीटर. म्हणजे आजच्या पायथ्यापासून ५५ मीटरांवर हद्द आली. यांतील १०० वर्षें व १५ मीटर हीं मानें १ एप्रिल २०२४ पासून अंमलांत आलेल्या नियमांतील आहेत. उताराचें मान मातीच्या परीक्षेनें बदलूं शकतें. हद्दीच्या आंत घर बांधावयाचें किंवा भराव घालावयाचा तर परवाना लागतो. मालकास हें जाचक वाटणारच.

पण हा हिशेब सर्व मातींस लागू पडत नाहीं. ऑटावाच्या पूर्वेस साऊथ नेशन नदीकांठीं लेम्यू नांवाचें गांव होतें. तेथील लेडा नांवाची चिकणमाती प्राचीन समुद्राच्या तळाशीं बसलेली आहे. तिच्यांतील मीठ गोड्या पाण्यानें धुऊन गेलें कीं कणांची पकड सैल होते, आणि एकदां हलली कीं ती पातळ होऊन वाहूं लागते. १९७१ सालीं क्वेबेकमधील सेंट-जाँ-व्हियानी येथें अशाच मातीनें ३१ माणसांचा बळी घेतला. पुढें लेम्यूची जमीन तपासली असतां गांव धोक्यांत असल्याचें दिसून आलें, व १९८९ ते १९९१ च्या दरम्यान रहिवाशांस अन्यत्र हलविलें. घरदार सोडणें कोणास गोड वाटतें?

२० जून १९९३ रोजीं गांवाजवळची सुमारें १७ हेक्टर शेतजमीन खचली. दरड नदीपासून ६८० मीटर आंत शिरली. नदीचें पाणी कांहीं दिवस तुंबलें. गाडीसह खड्ड्यांत गेलेला एक मनुष्य जखमी झाला, पण प्राण कोणाचाही गेला नाहीं. तेथें ५५ मीटरांची हद्द व्यर्थ ठरली असती. म्हणून अशा मातीचे पट्टे नकाशावर निराळे दाखवितात, आणि ते ओळखण्यास जमिनींत खोल भोंक पाडून माती वर काढून पाहावी लागते.