रेगेचा खर्ज आणि गिटारची तार

वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर १९६०-७० या दशकाच्या अखेरीस रेगे नावाचे संगीत आकाराला आले. २०१८ मध्ये युनेस्कोने त्याचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. हे संगीत प्रथमच ऐकणाऱ्याला एका गोष्टीचा अचंबा वाटतो. एरवी मागे राहून साथ करणारा खर्ज इथे चक्क पुढे येऊन बसतो. साधी गिटार आणि ऑर्गन मधल्या जागी तुटक आघात देतात आणि चाल मात्र बेस गिटार वाजवते. तिचा आवाज जाड, गोल आणि काहीसा बोथट असतो. नवी कोरी बेस गिटार आणून छेडून पाहा, हा आवाज निघणार नाही. निघेल ती धातूची खणखण! हा फरक पुष्कळ अंशी तारेमुळे पडतो. तो कसा, ते पाहू.

पडदे असलेली विजेवर चालणारी बेस गिटार अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणली. तिला चार तारा असतात आणि मोकळ्या छेडल्या तर त्या दर सेकंदाला सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ कंपने करतात. कंप पावणाऱ्या भागाची लांबी बहुधा ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर असते. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो हे तुम्ही शिकला आहातच: लांबी, ताण आणि दर मीटरमागे वस्तुमान. एवढ्या आखूड तारेतून ४१ कंपने मिळवायची, तर तार ढिली हवी किंवा जड हवी. ढिली तार पडद्यांवर आपटते. म्हणून ती जड करतात. सर्वांत जाड तारेचे वस्तुमान मीटरला ३३ ग्रॅमच्या आसपास धरले, तर सूत्रावरून ताण सुमारे १७ किलोग्रॅम वजनाइतका येतो.

मग पोलादाची एक जाडजूड तारच का लावू नये? कारण ती तारेपेक्षा सळईसारखी वागू लागते. ताठरपणामुळे तिचे वरचे स्वर बेसूर होतात. यावर तोडगा असा, की आत पोलादाचा बारीक गाभा ठेवायचा आणि त्यावर दुसरी तार गुंडाळायची. गुंडाळीने वजन वाढते, ताठरपणा फारसा वाढत नाही.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या गुंडाळीतच आहे. गुंडाळलेली तार गोल असेल, तर पृष्ठभाग स्क्रूच्या आट्यांसारखा खाचांचा होतो. हिला राउंडवाउंड म्हणतात. गुंडाळी चपट्या फितीची असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो, ती फ्लॅटवाउंड. पहिल्या बेस गिटारींना चपट्या गुंडाळीच्याच तारा असत. पुढे रॉक संगीताला खणखणीत आवाज हवासा वाटला आणि गोल गुंडाळीची चलती झाली. रेगेवाले मात्र चपट्या गुंडाळीला धरून राहिले. बॉब मार्ली यांच्या वेलर्स वाद्यवृंदातील बेसवादक ॲस्टन बॅरेट (१९४६–२०२४) यांचा खर्ज अशाच तारांचा म्हणून ओळखला जातो.

कोणतीही तार एकच स्वर देत नाही. मूलस्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वरही निघतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा असाच पाचवा स्वर होय. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आपण जवारी लावतो, ती हे उपस्वर फुलवण्यासाठी. रेगेच्या वादकाचा खटाटोप नेमका उलटा, उपस्वर झटपट मारून टाकण्याचा.

चपटी गुंडाळी हे काम आपोआप करते. तिचे वेढे एकमेकांना खेटून बसतात आणि तार वाकली की एकमेकांवर घासतात. उपस्वर जितका वरचा, तितकी तार लहान लहान अंतरांत आणि जलद वाकते, त्यामुळे त्याची ऊर्जा लवकर संपते. गोल गुंडाळीची तार जुनी झाली की खाचांत घाम आणि मळ साचतो. परिणाम तोच! गिटार चमकदार वाजावी म्हणून तारा वारंवार बदलणारे लोक आहेत. रेगे वाजवायची असेल तर जुन्या तारा फेकण्याची घाई करू नये.

तारेइतकेच महत्त्व छेडण्याच्या जागेला आहे. लांबीच्या दहाव्या भागावर, घोडीजवळ छेडले तर आदर्श तारेत पाचवा स्वर वेगाच्या मापाने मूलस्वराच्या सुमारे ६५ टक्के भरतो. एक तृतीयांश लांबीवर, दांडीकडे छेडले तर तो २० टक्क्यांवर येतो आणि तिसरा तर नाहीसाच होतो. म्हणून रेगेत हात दांडीकडे असतो आणि आघात अंगठ्याच्या किंवा बोटाच्या मांसल भागाने करतात. शिवाय काहीजण घोडीलगत तारांखाली स्पंजचा तुकडा ठेवतात. तिथे मूलस्वरात तार जेमतेम हलते, वरच्या उपस्वरांत बरीच हलते. साहजिकच स्पंज उपस्वरांनाच अधिक खातो.

या निवडीची किंमतही मोजावी लागते. लहान रेडिओच्या किंवा मोबाइलच्या कर्ण्यातून ४१ कंपनांचा स्वर जवळजवळ निघतच नाही. तरी पुष्कळ गाण्यांतला खर्ज आपल्याला कळतो, कारण कान उपस्वरांवरून मूलस्वर ताडतो. उपस्वरच छाटले तर कानाने ताडायचे कशावरून? त्यामुळे रेगेचा खर्ज छोट्या कर्ण्यात हरवतो. किंग्स्टन शहरात मात्र १९५० नंतर उघड्या अंगणांत कपाटाएवढे ध्वनिवर्धक लावून नाचाचे कार्यक्रम होत. तिथे या खर्जाला काहीच अडचण नव्हती. हवेत त्याची तरंगलांबी आठ मीटरांहून अधिक भरते. तो ऐकू येतो तसा छातीतही जाणवतो.

तेव्हा तार निवडणाऱ्याने आधी गुंडाळी पाहावी, मग जाडी. चपट्या गुंडाळीच्या तारा महाग असतात, पण वर्षानुवर्षे टिकतात. नायलॉनच्या फितीने मढवलेल्या ताराही मऊ आवाज देतात; गाभा पोलादाचा असल्याने त्या चालतात. तंबोऱ्याची पितळी तार मात्र कुचकामी. गिटारच्या तारांखालचे पिकअप म्हणजे चुंबक व तारेचे वेटोळे. तार चुंबकाकडे ओढली जाणाऱ्या धातूची असेल तरच तिच्या हालचालीने त्यात पुरेशी वीज निर्माण होते. आणि खर्च करायचा नसेल, तर जुन्या तारा, स्पंज आणि अंगठा एवढ्यावर बरेच भागते.

शाळेत स्वरमापी असेल तर हे पडताळून पाहता येईल. तार घोडीलगत छेडा, मग एक तृतीयांशावर. नंतर घोडीला लागून तारेखाली स्पंज सरकवा आणि पुन्हा छेडा. स्वर तोच राहील, आवाज बदलेल.