बोलके कपाट

छत्तीस वर्षे मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. त्या काळात टेबलापाशी येऊन उभ्या राहिलेल्या मुलामुलींनी मला जितके प्रश्न विचारले, त्यांतले निम्मे तरी एकाच साच्याचे असत : "बाई, यावर काही आहे का?" आता 'यावर' म्हणजे नेमके कशावर, हे विचारणाऱ्यालाच बहुधा ठाऊक नसे. ते त्याच्याकडून हळूहळू वदवून घ्यायचे आणि मग त्याला योग्य त्या कपाटापुढे नेऊन उभे करायचे, एवढीच काय ती आमची विद्या. निवृत्तीच्या समारंभात प्राचार्य म्हणाले, "बाई म्हणजे आमचं बोलकं कपाट!" सगळे हसले, मीही हसले; पण मनातून सुखावले होते, खोटे कशाला सांगू?

म्हणूनच गेल्या श्रावणात माझ्या पुतणीने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि "आत्या, आता खरोखरीच कपाटं बोलतात बरं का!" असे म्हणाली, तेव्हा मला जरा लागलेच.

ही पुतणी पुण्यात इतिहास घेऊन एम.ए. करते. वसतिगृहाच्या जेवणाला कंटाळली की शनिवार-रविवार माझ्याकडे येते. तिने प्रबंधाला विषय घेतला आहे १८९७ सालच्या प्लेगचा. त्यातही पुण्याच्या बायकांवर त्या दिवसांत काय गुदरले, याचा. दिवाळीपूर्वी पहिला खर्डा सरांच्या हातात पडायला हवा होता.

विषय आपल्या वाचकांना अगदीच अपरिचित नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. काही महिन्यांतच साथ पुण्यात पोचली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, रँडसाहेब आले, आणि गोरे सोल्जर रोगी हुडकण्यासाठी लोकांच्या माजघरांत शिरू लागले. मार्चच्या १० तारखेला प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. जूनच्या २२ तारखेला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्याच रस्त्याने आमच्या पुतणीची बस रोज विद्यापीठात जाते.

तर, हे बोलके कपाट म्हणजे काय? जगभरच्या संशोधनपर नियतकालिकांतले लेख एकत्र साठवणारे डेटाबेस आता कॉलेजांना नवे नाहीत. जेस्टॉरचेच घ्या, तो १९९५ साली अमेरिकेत सुरू झाला. नवे आहे ते त्यांना फुटलेले तोंड. जेस्टॉरने २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन निवडक वाचकांना वापरायला दिले, जानेवारी २०२४ मध्ये स्कोपसने आपले काढले, त्याच वर्षी सप्टेंबरात वेब ऑफ सायन्सने. पूर्वी तुम्ही शब्द टाकायचा आणि तो शब्द ज्या ज्या लेखात असेल त्यांची यादी पुढ्यात पडायची. आता तुम्ही सरळ प्रश्न विचारायचा. उत्तर चार-सहा वाक्यांत मिळते, आणि प्रत्येक वाक्याशेजारी ते कोणत्या लेखावरून घेतले त्याचा आकडा.

यात सोय किती आहे, हे आमच्या धंद्यातल्यालाच कळेल. ड्यूईच्या वर्गीकरणात रोगराई ६१४ मध्ये, स्त्रिया ३०५.४ मध्ये आणि हिंदुस्थानचा इतिहास ९५४ मध्ये. म्हणजे पुतणीसारखी एखादी मुलगी आली, तर तिला तीन कोपऱ्यांतल्या तीन कपाटांकडे पळवावे लागे. शब्दांचा शोध तर त्याहून आडमुठा. 'पुणे' टाकले की 'पूना' लिहिणारे सगळे जुने लेख गायब! डेव्हिड अर्नोल्ड यांचा प्लेगवरचा १९८७ चा निबंध पाहा. त्याचे नाव 'टचिंग द बॉडी'. पुढच्या उपशीर्षकात हिंदी प्लेग आणि सालेही आहेत, पण बाईचे नाव नाही आणि पुण्याचेही नाही. केवळ शीर्षके चाळणाऱ्याच्या हातून तो सहज निसटावा.

हे नवे यंत्र मात्र पूना आणि पुणे एकच हे जाणते. ते कसे, हे पुतणीने मला समजावून सांगितले. यंत्र प्रत्येक उताऱ्याची आकड्यांची एक लांबलचक माळ करून ठेवते. अर्थाने जवळ असलेल्या उताऱ्यांच्या माळा एकमेकींच्या शेजारी पडतात, जसे वाण्याच्या दुकानात जिरे मोहरीशेजारी असते, रॉकेलशेजारी नसते. तुमच्या प्रश्नाचीही तशीच माळ होते, तिच्या आसपासचे उतारे उचलले जातात, आणि मग भाषा जुळवणारे दुसरे यंत्र त्या उताऱ्यांवरून उत्तर लिहून काढते.

"म्हणजे हे थापा मारत नाही?" मी विचारले. कारण थापांची एक गोष्ट मी वाचली होती. २०२३ साली न्यू यॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीला विचारून न्यायालयात जुन्या खटल्यांचे दाखले दिले. ते खटले कधी झालेच नव्हते! न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड ठोकला.

"तसं नाही गं, आत्या. तिथे पाठीशी कपाटच नव्हतं. इथे लेख खरे असतात. बघ की, आकड्यावर बोट ठेवलं की लेख उघडतो."

लेख उघडत होता, हे खरे. दीड तासात तिने अकरा लेख जमवले. त्यांतला एक तर असा होता, की मी माझ्या ऐन उमेदीतही तो तिला काढून देऊ शकले नसते. कारण त्याच्या शीर्षकावरून तो रेल्वेवरचा वाटत होता, आणि आत पाच पाने होती गाड्या थांबवून उतारूंची, त्यात बायकांचीही, तपासणी कशी होई यावर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले, त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असा आहे. मी मुकाट्याने स्वयंपाकघरात जाऊन पोहे केले.

शिवाय हे लेख पूर्वी मिळायचे कुणाला? ज्याच्या कॉलेजजवळ पैसे, त्याला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली : तीन वर्षांना सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके, आणि सहा हजार तीनशेहून अधिक सरकारी संस्थांतल्या मुलांना ती वाचायला मोकळी. आमच्या कॉलेजात एका परदेशी नियतकालिकाची वर्गणी भरायची की वाचनालयातले पंखे दुरुस्त करायचे, यावर सभा भरलेली मला आठवते. पंखे जिंकले होते.

दोन आठवड्यांनी पुतणी खर्डा घेऊन आली. मी चष्मा लावून वाचायला बसले. लिहिले चांगले होते. सतराव्या पानावर आले आणि थबकले. तिथे लिहिले होते, की पुण्यातील स्त्रियांच्या विटंबनेच्या तक्रारी बव्हंशी अतिरंजित होत्या, असे संशोधकांचे मत आहे. खाली तळटीप, लेखाचे नाव, पान, सगळे रीतसर.

आता माझी आजी सांगे, की तिच्या सासूबाईंना सोल्जरांनी भर रस्त्यात घराबाहेर उभे केले होते, आणि त्या दिवसानंतर त्या माउलीने वर्षभर उंबरा ओलांडला नाही. लहानपणी ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे, की ते दार, तो उंबरा मला स्वतः पाहिल्यासारखा वाटतो. त्यांच्या खापरपणतीने हे वाक्य लिहावे?

"हा लेख तू वाचलास?" मी विचारले.

"म्हणजे… सारांश वाचला. आत्या, एकोणतीस पानं आहेत त्याची. असे अकरा लेख! वर इंग्रजी असलं."

मी रागावले. तीही रागावली. वहिनींचा नेमका त्याच वेळी फोन आला आणि दोघींनीही त्यांच्याशी गोड आवाजात बोलून घेतले. मग आम्ही तो लेख उघडला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागलो. दोन तास लागले.

लेखात ते वाक्य होते. यंत्राने थाप मारली नव्हती. पण ते लेखकाचे मत नव्हतेच! ते होते सरकारी अधिकाऱ्यांचे म्हणणे. लेखकाने पहिली सात पाने ते म्हणणे अगदी त्यांच्या बाजूने मांडले होते आणि पुढची बावीस पाने ते खोडून काढले होते. आपल्याकडचा कुठलाही शास्त्री हेच करतो. आधी पूर्वपक्ष, आणि तोही असा भक्कम मांडायचा की प्रतिपक्षाने मान डोलवावी, मग सिद्धान्त. यंत्राने पूर्वपक्षालाच सिद्धान्त समजून त्याची चार वाक्ये केली होती, आणि पुतणीने त्यांना तळटीप जोडली होती.

यंत्राचा गोंधळ का झाला असेल, तेही वाचता वाचता ध्यानात आले. त्या सात पानांत नामदार गोखल्यांची हकिकत होती. १८९७ साली गोखले विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथे जाहीर आरोप केला, की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर गोखल्यांना तो देता आला नाही, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. अधिकाऱ्यांना हे आयतेच फावले : बघा, तक्रारी खोट्या होत्या! पण त्याच वर्षी मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये सही करून पत्र लिहिले होते, पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात बायकांची काय दशा आहे ते. गव्हर्नरने ते खोटे ठरवू पाहिले. बाई मागे हटल्या नाहीत. हे पुढच्या पानांत होते. सारांशात गोखल्यांची माफी आली होती, रमाबाई गळल्या होत्या.

पुतणी गप्प झाली. मग तिने एक गोष्ट केली, ती मला फार आवडली. तिने तोच लेख पुढे ठेवून यंत्राला निराळा प्रश्न विचारला : या लेखकाने कोणाचे मत मांडले आहे आणि कोणाचे खोडले आहे? या खेपेस उत्तर बिनचूक आले! म्हणजे कपाट बोलते. पण त्याच्याकडून वदवून घ्यावे लागते. मी तिला म्हटले, "हेच मी छत्तीस वर्षं करत होते." ती म्हणाली, "मुलांच्या बाबतीत. कपाटांच्या नाही."

आणि यंत्रालाच का नावे ठेवा? आमच्या वेळची मुले प्रस्तावना वाचून पुस्तकाचे मत ठरवीत. एकदा मी स्वतः केवळ पाठीवरचे नाव पाहून एका मुलाला सहकारावरचे पुस्तक दिले होते, ते सहकारी गृहरचनेचे बांधकामशास्त्र निघाले. पण त्या मुलाने ते उघडून पाहिले आणि परत आणून दिले. उघडलेच नसते तर मात्र पंचाईत होती.

एक गोष्ट त्या कपाटाकडून काही केल्या निघेना. ती म्हणजे मराठी. ज्या बायकांवर हा सगळा प्रबंध, त्या बोलल्या मराठीत, रडल्या मराठीत. आणि अकराच्या अकरा लेख इंग्रजी. यंत्र जे साठवलेले आहे त्यातलेच देणार. जुन्या मराठी वृत्तपत्रांचे बांधीव खंड त्याच्या पोटात नव्हते. शिवाय त्या काळचे मराठी लिखाण चाळायचे तर 'प्लेग' हा एकच शब्द पुरत नाही. 'ग्रंथिक सन्निपात' असेही म्हणत, हे ठाऊक असावे लागते. मी माझ्या कपाटातून अण्णासाहेब कर्व्यांचे 'आत्मवृत्त' काढून दिले. १९०० साली विधवांचा आश्रम पुण्याहून हिंगण्याच्या माळावर गेला, त्यालाही प्लेगच कारण झाला होता. तिने पुस्तक उघडले तर आतून १९८१ सालचे बसचे तिकीट पडले.

पुढचे तीन शनिवार आम्ही दोघी एका जुन्या ग्रंथालयात जाऊन बसलो. खंड ठिसूळ झालेले, पान उलटताना कपचा पडत. तिला जुने मुद्रण वाचता येईना, मला बारीक अक्षर दिसेना. ती मोबाइलवर फोटो काढून मोठा करी आणि मी वाची. सतरावे पान तिने पुन्हा लिहिले. आता तिथे सरकारचे म्हणणे सरकारच्या नावावर आहे, लेखकाचे लेखकाच्या, आणि गोखल्यांची माफी आणि रमाबाईंचे पत्र एकाखाली एक आहे. सरांच्या सांगण्यावरून तिने कोणते यंत्र कुठे वापरले, तेही प्रास्ताविकात लिहिले.

परवा मी चकलीची भाजणी भाजत होते, तर ती वही घेऊन ओट्यापाशी आली.

"आत्या, त्या उंबरा न ओलांडणाऱ्या सासूबाईंची गोष्ट मला घ्यायची आहे. नीट सांग. त्यांचं नाव काय?"

नाव मला येत होते.

"कुठल्या पेठेत राहायच्या?"

"शुक्रवारात. की… आजी लग्न होऊन आली तेव्हा शुक्रवारात होते. त्याआधी कुठे, कोण जाणे."

"महिना कोणता? त्यांना बाहेर उभं केलं हे आजीला त्यांनी स्वतः सांगितलं, की दुसऱ्या कुणी?"

मी झारा खाली ठेवला. इतक्या वर्षांत हे आजीला विचारावे, असे माझ्या मनात कधी आले नव्हते. सासूबाईंनी सांगितले असेल, शेजारणीने सांगितले असेल. तो उंबरासुद्धा कदाचित मीच मनाने घातलेला असेल.

"हे काही मला सांगता यायचं नाही गं," मी म्हटले.

तिने वहीत काहीतरी लिहिले. मी वाकून पाहिले. 'कौटुंबिक आठवण, तिसऱ्या पिढीकडून ऐकलेली. पडताळा नाही,' असे लिहून तिने पुढे माझे नाव घातले होते.