सारके व रेचके

सारके व रेचके : मल मऊ करून किंवा आतड्यांची हालचाल वाढवून मलोत्सर्गास मदत करणारी औषधे. सौम्य औषधास सारक व पातळ मलोत्सर्ग घडविणाऱ्या तीव्र औषधास रेचक म्हणण्याचा प्रघात आहे; परंतु हा भेद पुष्कळदा मात्रेचाच असतो. सोनामुखी अल्प मात्रेत सारक, तर अधिक मात्रेत रेचक ठरते.

व्युत्पत्ती : ‘सारक’ हा शब्द संस्कृतातील ‘सृ’ (सरणे, वाहणे) व ‘रेचक’ हा ‘रिच्’ (रिकामे करणे) या धातूपासून आला आहे. श्वास बाहेर सोडण्याच्या क्रियेस योगशास्त्रात रेचक म्हणतात, ते याच अर्थाने. इंग्रजीतील ‘लॅक्झेटिव्ह’ या शब्दाच्या मुळाशी ‘सैल करणे’ या अर्थाचे लॅटिन ‘लॅक्सारे’ हे क्रियापद आहे. फ्रेंचमार्गे तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत रूढ झाला. ‘रिलॅक्स’ हा शब्द त्याच कुळातील होय. ‘पर्गेटिव्ह’ ही तीव्र औषधाची संज्ञा मात्र ‘शुद्ध करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून बनली आहे.

शार्ङ्गधरसंहितेत या औषधांचे अनुलोमन (उदा., हिरडा), स्रंसन (बहावा), भेदन (कुटकी) व रेचन (निशोत्तर) असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘स्रंसन’ या शब्दातील सैल होऊन खाली सरकण्याची कल्पना लॅटिन शब्दार्थाच्या जवळची आहे.

मराठीतील ‘जुलाब’ शब्दाचा प्रवास वेगळा आहे. फार्सी ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणी. त्याचे अरबी रूप ‘जुलाब’ गोड सरबतासाठी वापरले जाई. पुढे हे नाव रेचक औषधास मिळाले. मराठीत ते औषधाच्या परिणामासही लागले. म्हणून ‘जुलाब घेणे’ हा उपचार, तर ‘जुलाब होणे’ हा विकार ठरतो.

उपयोग व धोके : इसबगोल मलाचे आकारमान वाढवते, मॅग्नेशियम सल्फेट आतड्यात पाणी खेचून धरते, तर सोनामुखी व एरंडेल आतड्यास उत्तेजित करतात. रेचनाने शरीर ‘शुद्ध’ होते या समजुतीने पूर्वी घरोघरी मुलांना ठरावीक काळाने एरंडेल देत असत. निरोगी व्यक्तीस त्याची गरज नसते. तीव्र रेचकांच्या अतिवापराने शरीरातील पाणी व पोटॅशियम घटते. कारण न कळलेल्या पोटदुखीत रेचक देऊ नये. आंत्रपुच्छाला सूज आलेली असल्यास ते फुटून जिवावर बेतू शकते. [⟶ बद्धकोष्ठता].