गेला, पण सांगून गेला नाही

विद्यार्थी मित्रांनो, संगणकाच्या तासाला तुम्ही प्रोग्रॅम लिहिता, तो चुकतो, मग चूक कुठे आहे ते शोधता. या शोधाच्या कामासाठी ‘डीबगर’ नावाचं साधन असतं, हेही अकरावी-बारावीच्या मुलांना ठाऊक असेल. पण तपासायचा प्रोग्रॅम आपल्या टेबलावरच्या संगणकावर नसून दुसऱ्याच यंत्रात चालत असेल तर? अशा वेळी डीबगर जे सांगतो ते कसं वाचावं, आणि जे सांगत नाही त्याचा काय अर्थ घ्यावा, हे आज माझ्याच एका फजितीवरून सांगतो. आपल्या शाळेतून बाहेर पडून ज्यांना या क्षेत्रात यायचं आहे, त्यांचे दोन दिवस तरी यामुळे वाचावेत, एवढाच हेतू.

पावती का थांबते?

२०१३ सालची गोष्ट. आमच्या गटाकडे दूध संकलन केंद्रातल्या यंत्राचं काम होतं. आपल्या वडोदऱ्याच्या आसपासच्या गावांत हे यंत्र तुम्ही पाहिलं असेल. सभासद बरणी घेऊन येतो, दुधाचं वजन होतं, फॅट मोजलं जातं आणि लगेच छापील पावती हातात पडते. ही पावती म्हणजे त्या घराचा रोजचा हिशेब. महिन्याचा किराणा, मुलांची फी, सगळं तिच्यावर.

एका गावाच्या दूध मंडळीतून तक्रार आली. सकाळची फेरी व्यवस्थित होते, पण संध्याकाळी मध्येच पावत्या छापणं बंद पडतं. यंत्र बंद करून चालू केलं की पुन्हा सुरळीत. तोवर बाहेर रांग लागलेली आणि लोक विचारत, “दूध घातलं, पण हिशेब कुठे?” मंडळीच्या सचिवांना उत्तर देणं अवघड झालं होतं.

यंत्राच्या पोटात ३२ बिटांचा एक छोटा लिनक्स बोर्ड होता. त्याला ना पडदा ना नेहमीचा कीबोर्ड. म्हणून बोर्डावर ‘जीडीबीसर्व्हर’ हा छोटा प्रोग्रॅम चालवायचा, आपल्या लॅपटॉपवर ‘जीडीबी’ हा डीबगर चालवायचा आणि दोघांना तारेनं जोडायचं, अशी रीत. जीडीबी १९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहायला घेतला आणि तो आजही जगभर वापरात आहे.

थ्रेड म्हणजे काय?

थ्रेड म्हणजे धागा. एकाच प्रोग्रॅमच्या आत एकाच वेळी चालणारी अनेक कामं म्हणजे त्याचे थ्रेड. आमच्या प्रोग्रॅममध्ये एक मुख्य थ्रेड, एक वजनकाट्याकडे लक्ष ठेवणारा, एक बटणांकडे पाहणारा, असे तीन कायमचे होते. शिवाय प्रत्येक पावतीसाठी एक नवा थ्रेड जन्माला यायचा, पावती छापायचा आणि संपायचा.

तोच प्रोग्रॅम आधी मी लॅपटॉपवर, तिथल्याच डीबगरखाली चालवला. प्रत्येक पावतीला ‘नवा थ्रेड’ असा संदेश यायचा आणि लगेच ‘थ्रेड संपला’ असाही. जोडी कधी चुकली नाही. मग बोर्डावर तोच प्रयोग केला. तिथे काही पावत्यांना ‘नवा थ्रेड’ हा संदेश आला, काहींना आलाच नाही. आणि ‘थ्रेड संपला’ हा संदेश तर एकदाही उमटला नाही.

मी निष्कर्ष काढून मोकळा झालो, की बोर्डावर थ्रेड संपतच नाहीत, छपाईयंत्राशी बोलताना कुठेतरी अडकून पडतात. दोन दिवस बसून छपाईचा सगळा भाग पुन्हा लिहिला. फरक शून्य.

ग्रंथालयाचं उदाहरण

माझं काय चुकलं ते आपल्या शाळेच्या ग्रंथालयावरून सांगतो. समजा, ग्रंथालयाच्या दारातच शिपाईकाका वही घेऊन बसले आहेत. कोणी आत गेलं की नाव लिहायचं, बाहेर पडलं की त्यापुढे वेळ टाकायची. ही वही पूर्ण असते. डीबगर आणि प्रोग्रॅम एकाच संगणकावर असले की साधारण असंच घडतं. थ्रेड जन्मला की लिनक्सचा गाभा डीबगरला थेट कळवतो, संपला की तेही कळवतो.

आता समजा, दारात कोणी नाही. मुख्याध्यापक आपल्या खोलीत आहेत आणि प्रत्येक घंटेला ते ग्रंथालयात फोन करून विचारतात, “आत्ता कोण कोण बसलं आहे?” उत्तरात आलेली नावं ते मागच्या यादीशी ताडून पाहतात. नवं नाव दिसलं तर ‘हा आला’, जुनं नाव नसलं तर ‘हा गेला’. पण जो मुलगा दोन घंटांच्या मध्ये आला आणि पुस्तक बदलून निघून गेला, तो कोणत्याच यादीत येणार नाही. आणि जो पहिल्या घंटेनंतर दोन मिनिटांत गेला, तो ‘गेला’ हे दुसऱ्या घंटेलाच कळणार.

दूरच्या यंत्रावरचं डीबगिंग मुळात या दुसऱ्या पद्धतीनं चालतं. नेहमीच्या पद्धतीत प्रोग्रॅम धावत असताना जीडीबी पलीकडे काही विचारत नाही. प्रोग्रॅम ब्रेकपॉइंटवर थांबला की मग तो थ्रेडांची यादी मागवतो. थांबणं हीच त्याची घंटा. आमचा पावतीचा थ्रेड सेकंदभर जगायचा. त्याच्याच कामात मी ब्रेकपॉइंट लावला तर तो यादीत सापडायचा, दुसरीकडे लावला तर दोन घंटांच्या मध्ये येऊन जायचा. काही पावत्यांना संदेश आणि काहींना नाही, याचं कारण इतकं साधं होतं.

पण ‘संपला’ हा संदेश एकदाही का येऊ नये? याची गंमत वेगळी आहे. त्या काळच्या जीडीबीत ‘थ्रेड संपला’ हे छापण्याची जबाबदारी प्रत्येक प्रकारच्या जोडणीच्या कोडवर स्वतंत्रपणे टाकलेली होती. स्थानिक लिनक्सच्या कोडनं ती पाळली होती. दूरच्या जोडणीचा कोड मात्र नवं नाव दिसलं की जाहीर करायचा आणि गेलेलं नाव यादीतून मुकाट्यानं खोडायचा. म्हणजे मुख्याध्यापक आलेल्यांची नावं मोठ्यानं वाचत होते आणि गेलेल्यांवर नुसती रेघ मारत होते. ऐकणाऱ्याला वाटावं, ग्रंथालयात गर्दी वाढतेच आहे! ही विसंगती २०२३ च्या अखेरीस दूर झाली. संदेश छापण्याचं काम जीडीबीच्या सामाईक भागात आणलं गेलं, त्यामुळे तेव्हापासूनच्या कोडमध्ये दोन्ही बाजू सारख्या बोलतात. पण कारखान्यांतून, प्रयोगशाळांतून जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षं वापरात राहतात, हे विसरू नका.

मग पलीकडचा सर्व्हर सांगत का नाही?

तुम्ही विचाराल, जीडीबीसर्व्हर तर बोर्डावरच बसला आहे, त्याला प्रत्येक थ्रेडचा जन्म-मृत्यू कळतोच, मग तो कळवत का नाही? प्रश्न बरोबर आहे. कारण खर्चाचं आहे. प्रत्येक निरोप म्हणजे तारेवरून एक फेरी. संथ तारेवर हजारो थ्रेडांचे निरोप पाठवत बसलं तर प्रोग्रॅम गोगलगाईसारखा चालेल, आणि वेळेवर अवलंबून असलेली चूक तर पळूनच जाईल. २०१६ मधल्या ७.११ या आवृत्तीपासून असे निरोप मागवण्याची सोय संकेतांत आली आहे, पण ती एरवी बंद असते आणि गरजेपुरतीच चालू केली जाते.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. सगळा प्रोग्रॅमच संपतो तेव्हा स्थानिक डीबगर एकामागून एक थ्रेड संपल्याचे संदेश देऊ शकतो. दूरच्या जोडणीत मात्र ‘प्रोग्रॅम संपला’ एवढाच एक निरोप पुरतो. दोन्ही खरेच आहेत, फक्त सांगण्याची रीत निराळी.

खरी चूक कुठे होती?

आमच्या गटात एक ज्येष्ठ सहकारी होते, त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. तिसऱ्या दिवशी माझं तोंड पाहून ते म्हणाले, “अरे, डीबगर बोलला नाही म्हणजे घडलंच नाही, असं कसं धरलंस? बोर्डालाच विचार ना!”

मी विचारलं. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाचं फोल्डर असतं. त्यात प्रोग्रॅमच्या क्रमांकाखाली ‘टास्क’ या उपफोल्डरात त्या क्षणी जिवंत असलेले थ्रेड दिसतात. पाहतो तर तिथे तीनच! म्हणजे पावतीचे सगळे थ्रेड वेळच्या वेळी संपत होते. पण शेजारच्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये प्रोग्रॅमनं अडवलेल्या पत्त्यांचा आकडा प्रत्येक पावतीला ८ मेगाबाइटनं वाढत होता.

मग उलगडा झाला. प्रत्येक थ्रेडला स्टॅक म्हणून पत्त्यांचा एक पट्टा मिळतो. लिनक्सवर तो बहुधा ८ मेगाबाइटचा असतो. थ्रेड संपला तरी मुख्य थ्रेडनं ‘जॉइन’ करून त्याची दखल घेतली नाही, किंवा आधीच त्याला ‘डिटॅच’ म्हणजे मोकळा केला नाही, तर हा पट्टा परत मिळत नाही. ३२ बिटांच्या लिनक्सवर प्रोग्रॅमच्या वाट्याला साधारण ३ गिगाबाइट, म्हणजे ३०७२ मेगाबाइट पत्ते येतात. ३०७२ भागिले ८ म्हणजे ३८४. प्रोग्रॅमची स्वतःची जागा वगळली की ३८० च्या आसपास. सकाळी दोनशेच्या वर पावत्या झाल्या, की संध्याकाळी दीडशे-पावणेदोनशेला पत्ते संपायचे, नवा थ्रेड जन्मायला नकार मिळायचा, आणि तो नकार आमचा प्रोग्रॅम तपासतच नव्हता. लॅपटॉप ६४ बिटांचा, तिथे पत्त्यांचा सुकाळ, म्हणून तिथे कधी काही बिघडलं नाही.

उपाय एका ओळीचा होता. थ्रेड जन्मताच त्याला ‘डिटॅच’ केलं, आणि जोडीला नकार तपासणाऱ्या दोन ओळी घातल्या. त्या संध्याकाळी केंद्रावर शेवटच्या सभासदापर्यंत पावती मिळाली.

लक्षात ठेवण्यासारखं

१. दूरच्या यंत्रावरचा ‘थ्रेड संपला’ हा संदेश थ्रेड कधी संपला ते सांगत नाही, डीबगरला ते कधी कळलं एवढंच सांगतो.

२. संदेश आला नाही, हा पुरावा नव्हे. आधी प्रोग्रॅम थांबवून ‘इन्फो थ्रेड्स’ ही आज्ञा द्या. ती पलीकडून ताजी यादी मागवते.

३. तरीही शंका असेल तर यंत्रावरच ‘प्रॉक’ मध्ये पाहा.

४. ‘सेट डीबग रिमोट १’ अशी आज्ञा दिली की दोघांमधलं संभाषण पडद्यावर उमटतं. कोणी काय विचारलं आणि काय उत्तर आलं, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

५. दोन संगणकांवरच्या संदेशांची तुलना करण्याआधी दोन्हीकडे जोडणी एकाच प्रकारची आहे का आणि डीबगरची आवृत्ती तीच आहे का, ते पाहा.

६. थ्रेड जन्माला घातला की त्याला कोण ‘जॉइन’ करणार किंवा कोण मोकळा करणार, हे त्याच क्षणी ठरवा.

मित्रांनो, साधन खोटं बोलत नव्हतं. त्याला जेवढं दिसत होतं तेवढंच ते सांगत होतं. न सांगितलेल्या जागा मी माझ्या समजुतीनं भरल्या, आणि तिकडे गावातली रांग दोन संध्याकाळी अधिक ताटकळली. पुढच्या वेळी तुमच्या पडद्यावर एखादा संदेश आला नाही, तर आधी एवढंच विचारा, की हे सांगणाऱ्याला ते दिसणार तरी होतं का?