तान्ह्या बाळाचे थकणारे हृदय

जन्मतः सुदृढ दिसणारे बालक दोन-तीन महिन्यांत मलूल होते, दूध ओढताना धापा टाकते, मान सावरीत नाही. गोंदिया जिल्ह्यातील कामठ्यासारख्या गावात हा केवळ अशक्तपणा समजला जाणे स्वाभाविक आहे. परंतु क्वचित त्यामागे पॉम्पे हा आनुवंशिक विकार असू शकतो.

एका विकराच्या अभावी ग्लायकोजेन नावाची साठवणीची शर्करा स्नायूंत साचते व हृदयाच्या भिंती जाड होतात. छातीच्या क्ष-किरण चित्रात हृदय वाढलेले दिसते. उपचाराअभावी बहुतेक बालके वर्षाच्या आतच दगावतात. माता-पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास विकार होण्याचा संभव चारात एक असतो. एकट्या मातेस दोष देणे अन्यायाचे ठरेल.

२००६ पासून उणे असलेले विकर शिरेवाटे देण्याचा उपचार उपलब्ध आहे. तो लवकर सुरू झाल्यासच हृदयाला उभारी मिळते. राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरण, २०२१ अन्वये मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्र आहे. कामठ्यापासून ते सुमारे १,००० किलोमीटर दूर आहे. म्हणून पहिले पाऊल गावातच पडावयास हवे. अंगणवाडी सेविका वा आशा कार्यकर्तीने अशा बालकास विनाविलंब राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास दाखवावे.